बचाव करणाऱ्या फॉरवर्डचा करंडक: ज्युनिअर आइस हॉकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा भाचा कॅनडात, न्यू ब्रन्सविकमध्ये वाढतोय आणि आइस हॉकीत सेंटर खेळतो. दर रविवारी सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आज गोल किती मारलेस रे?" बहुतेक वेळा तो सांगतो, "एकही नाही, आजी." मग पलीकडे क्षणभर शांतता. त्याच सामन्यात त्याने समोरच्या संघातल्या सगळ्यात तेज पोराला तिन्ही पीरियड पकला, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीला, नीट हात लावू दिलेला नसतो. पण हे फोनवर कसं सांगायचं?

इथल्या मराठी घरांमधून, आणि आता तिकडच्या नातेवाइकांकडूनही, मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

बचावात्मक फॉरवर्ड म्हणजे कोण? फॉरवर्डचं काम गोल करणं ना?

बर्फावर एका संघाचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड. फॉरवर्डमधला मधला तो सेंटर, बाजूचे दोघे विंगर. नाव फॉरवर्ड असलं तरी आइस हॉकीत कुणाला एका जागेवर उभं राहता येत नाही. पक हातचा गेला की पाचही जणांनी मागे धावायचं असतं. ते सगळेच करतात, पण मनापासून करणारे थोडे.

बचावात्मक फॉरवर्ड हा त्या थोड्यांमधला. प्रतिस्पर्ध्यांची सगळ्यात धोकादायक तिकडी बर्फावर उतरली की प्रशिक्षक याला उतरवतो. आपल्या गोलजवळचा फेस-ऑफ, म्हणजे पंच दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतो ती झटापट, याने घ्यायचा. आपला एखादा खेळाडू शिक्षेच्या बाकावर बसला आणि संघ दोन मिनिटांसाठी एकाने कमी झाला, तर किल्ला याने लढवायचा. त्यालाच पेनल्टी किल म्हणतात. शेवटच्या मिनिटाला एका गोलची आघाडी टिकवायची असेल तेव्हाही हाच. आणि हे सगळं पंचेचाळीस सेकंदांच्या तुकड्यातुकड्यांनी, कारण त्याहून जास्त वेळ पूर्ण वेगात स्केटिंग करणं माणसाच्या फुप्फुसांना झेपत नाही.

ज्युनिअर हॉकी म्हणजे शाळेची हॉकी का?

नाही. साधारण १६ ते २० वर्षांच्या मुलांच्या या लीग आहेत, आणि त्या पार व्यावसायिक शिस्तीत चालतात. कॅनेडियन हॉकी लीग या छत्राखाली तीन मोठ्या लीग येतात: ओंटारिओ हॉकी लीग, वेस्टर्न हॉकी लीग आणि क्यूबेक मॅरिटाइम्स ज्युनिअर हॉकी लीग. पहिल्या दोघींत काही अमेरिकी शहरांचेही संघ आहेत. मुलं घर सोडून दुसऱ्या गावात, अनोळखी कुटुंबात राहतात, शाळा करतात आणि मोसमात साठाहून जास्त सामने खेळतात. सोळाव्या वर्षी बसमध्ये आठ-आठ तास. नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, कितीतरी खेळाडू इथूनच येतात.

बचावात्मक फॉरवर्डसाठी वेगळा करंडक नेमका कुठे दिला जातो?

क्यूबेकच्या लीगमध्ये. करंडकाचं नाव गी कार्बोनो करंडक. २००४-०५ च्या मोसमापासून तो लीगमधल्या सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डला दिला जातो. त्याच्याच जोडीला केविन लो करंडक आहे, तो बचावात्मक काम चोख करणाऱ्या बचावपटूसाठी. ही जोडी मला फार आवडते. बचावपटूंमध्येही गोल करणाऱ्यांचाच उदोउदो होतो, हे त्या लीगने ओळखलं आणि दोन्हीकडची उणीव एकदमच भरून काढली.

ओंटारिओत असा स्वतंत्र करंडक नाही, पण तिथे दर मोसमाच्या अखेरीला प्रशिक्षकांचं मतदान होतं. पूर्व आणि पश्चिम गटांची मतं वेगळी. त्यात 'सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्ड' हा एक प्रकार असतो, शिवाय 'सर्वोत्तम पेनल्टी किलर' आणि 'फेस-ऑफमध्ये सर्वोत्तम' हेही. हातात चांदीचं काही येत नाही, यादीत नाव येतं. तरी मी ती यादी आवर्जून बघते, कारण मतं देणारे लोक वर्षभर या पोरांना हरवण्याचे आराखडे आखत बसलेले असतात. ज्याच्यामुळे आपला डाव फसला, त्याचं नाव ते विसरत नाहीत.

पश्चिमेच्या लीगमध्ये बचावात्मक फॉरवर्डच्या नावाचा करंडक नाही. तिन्ही लीगचे विजेते आणि यजमान संघ ज्या मेमोरियल कपसाठी भिडतात, तिथेही सर्वोत्तम खेळाडू, सर्वाधिक गुण, खिलाडूवृत्ती आणि गोलरक्षक एवढ्यांनाच वैयक्तिक पुरस्कार. डिसेंबर-जानेवारीत होणाऱ्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत सर्वोत्तम गोलरक्षक, बचावपटू आणि फॉरवर्ड निवडतात, आणि तो फॉरवर्ड बहुधा गोल आणि असिस्टच्या (गोलला हातभार लावणाऱ्या पासच्या) यादीत वरचाच असतो. म्हणजे एवढ्या मोठ्या खेळात ज्युनिअर पातळीवर या कामाला नाव देऊन मान देणारी मोठी लीग एकच. मला हे कमी वाटतं, आणि इतर दोन लीगनीही असा करंडक सुरू करावा असं मी मनापासून म्हणते.

हे गी कार्बोनो कोण?

आधी उच्चार. नाव फ्रेंच आहे, म्हणून 'गी'. इंग्रजी वाचून 'गाय' म्हणू नका, क्यूबेकमध्ये लोक दुखावतात.

जन्म १८ मार्च १९६०, क्यूबेकच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेत-ईल या गावात. ज्युनिअर हॉकी शिकुतिमीच्या संघाकडून. आता पुढचे आकडे नीट वाचा, कारण सगळी गंमत त्यात आहे. १९७८-७९ मध्ये त्यांनी ६२ गोल केले आणि एकूण १४१ गुण मिळवले. पुढच्या मोसमात ७२ गोल, ११० असिस्ट, १८२ गुण. हॉकीत गोलचा एक गुण, गोलला हातभार लावणाऱ्या पासचा एक गुण. एका मोसमात १८२! क्यूबेकची लीग त्या काळी गोलांचा पाऊस पाडण्यासाठी प्रसिद्ध होती, हे धरूनही हा आकडा प्रचंड आहे.

या माणसाला माँट्रिअल कॅनेडियन्सने १९७९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, ४४ व्या क्रमांकावर घेतलं. संघात गोल करणारे होतेच. शिवाय तिथे बॉब गेनी होते, बचावात्मक फॉरवर्ड या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणारे. कार्बोनो त्यांच्या शेजारी खेळले, पेनल्टी किल शिकले, फेस-ऑफची बारीक कलाकुसर शिकले आणि आपला खेळ मुळापासून बदलला. एनएचएलमध्ये ते १,३१८ सामने खेळले, त्यात गोल २६०. ज्युनिअरच्या दोन मोसमांत १३४ गोल करणारा माणूस बाकी आयुष्यभर मुख्यतः दुसऱ्यांचे गोल अडवत राहिला. तीन वेळा, १९८८, १९८९ आणि १९९२ मध्ये, एनएचएलचा सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्ड ठरला. तीन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले: १९८६ आणि १९९३ माँट्रिअलबरोबर, १९९९ डॅलसबरोबर. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले.

१९९३ ची अंतिम मालिका तर सांगितलीच पाहिजे. समोर लॉस एंजेलिस, आणि त्यांच्याकडे वेन ग्रेट्झ्की. पहिल्या सामन्यात ग्रेट्झ्कीने एक गोल केला, तीन करून दिले, लॉस एंजेलिस ४-१ ने जिंकलं. त्यानंतर माँट्रिअलचे कर्णधार कार्बोनो प्रशिक्षक जॅक डेमर्स यांच्याकडे गेले आणि म्हणाले, ग्रेट्झ्कीला माझ्याकडे द्या. डेमर्सनी दिलं. माँट्रिअलने पुढचे चारही सामने जिंकले, त्यातले तीन जादा वेळेत. जगातला सर्वश्रेष्ठ आक्रमक मला द्या असं तेहतीस वर्षांचा कर्णधार आपणहून मागतो, हे मला कुठल्याही गोलपेक्षा मोठं वाटतं. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात या माणसाच्या नावाचा करंडक देणं, ही निवड अगदी योग्य आहे.

सेल्की करंडक मग कोणता? क्यूबेकच्या यादीतही सेल्की दिसतो.

हा घोळ जवळपास सगळ्यांचा होतो, माझाही झाला होता. एनएचएलमध्ये सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डला जो करंडक मिळतो तो फ्रँक जे. सेल्की करंडक. कार्बोनोंनी तीनदा जिंकला तो हाच. १९७७-७८ पासून दिला जातो, आणि पहिली चारही वर्षं तो बॉब गेनींकडे गेला. विजेता हॉकी पत्रकारांची व्यावसायिक संघटना मतदानाने ठरवते. सर्वाधिक वेळा, सहा वेळा, बॉस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनने तो मिळवला आहे.

क्यूबेकच्या ज्युनिअर लीगमध्येही फ्रँक जे. सेल्की स्मृती करंडक आहे, पण तो सर्वांत सभ्य, खिलाडूवृत्तीच्या खेळाडूला मिळतो. नाव तेच, व्यक्ती तीच, म्हणजे माँट्रिअलचे जुने जनरल मॅनेजर, फक्त कारण वेगळं. त्यामुळे एखाद्या ज्युनिअर खेळाडूच्या माहितीत 'सेल्की' दिसलं तर आधी लीग कोणती ते बघा.

हा करंडक म्हणजे ज्याला गोल जमत नाहीत त्याची समजूत काढणं नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी खुपतो.

कार्बोनोंचे १८२ गुण वर आलेच. दुसरं नाव शॉन कुतुरिए. फिनिक्समध्ये जन्मला, न्यू ब्रन्सविकच्या बाथर्स्टमध्ये वाढला, ड्रमंडव्हिलकडून क्यूबेकच्या लीगमध्ये खेळला. लागोपाठ दोन मोसमांत ९६-९६ गुण. दुसऱ्या वेळी, २०१०-११ मध्ये, तर फक्त ५८ सामन्यांत, आणि त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फिलाडेल्फियाने त्याला आठव्या क्रमांकावर निवडलं, आणि पहिल्याच मोसमात त्याच्यावर काम सोपवलं ते अडवण्याचं. ७७ सामन्यांत २७ गुण. ड्रमंडव्हिलचा राजकुमार तिथे चौकीदार झाला. त्याच वसंतात प्ले-ऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, पिट्सबर्गच्या एव्हगेनी माल्किनला रोखण्याचं काम त्याच्याकडे आलं, आणि एकोणीस वर्षांच्या या पोराने त्याच मालिकेतल्या एका सामन्यात तीन गोलही केले. पुढे २०१७-१८ मध्ये ३१ गोल, ७६ गुण, आणि २०२० मध्ये सेल्की करंडक.

आता पश्चिमेकडे बघा. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला जो करंडक देतात त्याचं नाव बॉब क्लार्क करंडक. हे क्लार्क म्हणजे फिलाडेल्फियाचे महान कर्णधार, ज्युनिअरमध्ये फ्लिन फ्लॉनकडून खेळलेले, आणि १९८३ चे सेल्की विजेते! म्हणजे देशाच्या एका टोकाला १८२ गुणांवाल्याचं नाव बचावाच्या करंडकावर, आणि दुसऱ्या टोकाला सेल्की विजेत्याचं नाव गोल करणाऱ्यांच्या करंडकावर. मी जेव्हा हे पहिल्यांदा जोडून पाहिलं, तेव्हा मला या खेळाबद्दल जे समजायचं होतं ते समजलं. ज्यांना खेळ पूर्ण कळतो, ते दोन्ही करू शकतात. त्यातला कुणी संघाची गरज पाहून एक बाजू उचलतो.

विजेता निवडताना आकडे कोणते बघतात?

एकच आकडा कधीच पुरत नाही, हीच तर अडचण आहे. गोल मोजता येतो, पण जो गोल झालाच नाही तो कसा मोजणार?

सगळ्यात जुना आकडा प्लस-मायनस. दोन्ही संघ बरोबरीच्या संख्येने खेळत असताना आपल्या संघाने गोल केला तर त्या क्षणी बर्फावर असलेल्या आपल्या प्रत्येक खेळाडूला अधिक एक, आपल्यावर झाला तर उणे एक. संख्या जास्त असताना केलेला गोल धरत नाहीत, कमी असताना केलेला धरतात. वाचायला न्याय्य वाटतं. पण समजा 'अ' हा सेंटर दर सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या पहिल्या तिकडीसमोर उतरतो आणि त्याची पाळी सुरू होते ती आपल्याच गोलजवळच्या फेस-ऑफने. 'ब' उतरतो त्यांच्या चौथ्या तिकडीसमोर, सुरुवात त्यांच्या गोलजवळ. मोसमाअखेर 'अ' अधिक दोन, 'ब' अधिक पंधरा. कोण चांगला? आकडा म्हणतो 'ब'. त्याच्या बाकावरच्या कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा, तो 'अ' म्हणेल.

म्हणून जाणकार हे आकडे एकत्र ठेवून बघतात: फेस-ऑफ किती जिंकले आणि त्यातले आपल्या गोलजवळचे किती, पेनल्टी किलमध्ये किती मिनिटं, अडवलेले फटके, आणि कुणासमोर खेळवलं. मी स्वतः अजून एक गोष्ट बघते, ती कुठल्याच तक्त्यात नसते. पक मिळाल्यावर हा मुलगा तो नुसता भिरकावून देतो का, की नजर वर करून आपल्या माणसाकडे पोचवतो? नुसता भिरकावलेला पक दहा सेकंदांत परत येतो, आणि मग सगळं पहिल्यापासून.

एनएचएलच्या सेल्कीवर एक जुनी तक्रार आहे की मतदार शेवटी गुणांकडेच झुकतात आणि बचावाबरोबर भरपूर गोलही करणारा फॉरवर्डच जिंकतो. तक्रारीत तथ्य आहे. ज्युनिअरच्या करंडकाने त्या वाटेने जाऊ नये असं मला वाटतं, कारण तिथे गुणांसाठी आधीच पुरेसे करंडक आहेत.

प्रत्यक्षात हे काम दिसतं कसं? टीव्हीवर तर काहीच कळत नाही.

एक प्रसंग सांगते. गेल्या हिवाळ्यातला ज्युनिअर सामना, आम्ही गोलच्या मागच्या कोपऱ्यात, चौथ्या रांगेत. यजमान ३-२ ने पुढे, पन्नासेक सेकंद बाकी. पाहुण्यांनी गोलरक्षक बाहेर काढून सहावा हल्लेखोर आणलेला. फेस-ऑफ यजमानांच्या डाव्या वर्तुळात. यजमानांचा सेंटर वाकला, स्टिकवरचा खालचा हात उलटा धरला, म्हणजे पक मागे ओढायला जोर मिळतो. पंचाने पक टाकला. तो हरला. पक सरळ वर, निळ्या रेषेवरच्या, म्हणजे यजमानांच्या हद्दीच्या कडेवरच्या, पाहुण्यांच्या बचावपटूकडे.

आणि तो सेंटर हरल्याक्षणीच निघालेला होता. पक पोचायच्या आत तो वाटेत आला, एक गुडघा बर्फावर टेकवला, फटका नडगीवर घेतला. तो आवाज चौथ्या रांगेत ऐकू येतो, ओल्या लाकडावर घाव घातल्यासारखा. उठायला गेला, पाय नीट टेकेना. लंगडत तसाच पुन्हा त्याच माणसासमोर गेला, दुसरा फटका पोटरीवर घेतला, पक जवळ पडला, बसल्या बसल्या स्टिकच्या टोकाने तो निळ्या रेषेबाहेर ढकलला. यजमानांच्या बाकावरचे सगळे उठून स्टिका फळीवर आपटू लागले. ठक ठक ठक ठक. हॉकीतली ही सगळ्यात मोठी दाद, आणि ती आपल्याच माणसांकडून येते. धावफलकावर काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे गोल शून्य, असिस्ट शून्य.

माझा भाचा शेजारी बसला होता. तो काहीच बोलला नाही, पण घरी जाताना गाडीत त्याने खालचा हात उलटा धरून बघितला, चार वेळा.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. प्रशिक्षक म्हणतात, त्याला बचावाच्या तिकडीत टाकतो. हो म्हणावं का?

नाही. निदान सहज हो म्हणू नका.

भाच्याच्या बाबतीत हे घडलंय. अकराव्या वर्षी एका प्रशिक्षकाने त्याला सांगून टाकलं की तुझं काम पक बाहेर काढणं, बाकी इतर बघतील. पोर प्रामाणिक, त्याने वर्षभर तेवढंच केलं. त्या वर्षात त्याचे हात आखडले. पक जवळ आला की तो टाकायची घाई, जणू गरम तवा. ते सुटायला पुढची दोन वर्षं आणि एका दुसऱ्या प्रशिक्षकाचा खूप संयम लागला.

कार्बोनो असोत की कुतुरिए, बचावाचे हे मोठे लोक ज्युनिअरमध्ये आधी पूर्ण हॉकी शिकले, भरपूर गोल केले. आक्रमण कसं होतं हे आतून माहीत असल्यावरच ते कुठे तोडायचं हे कळतं. लहान वयात मुलाला मागे धावायची सवय लावा, स्टिक योग्य ठिकाणी ठेवायला शिकवा, फेस-ऑफ घेऊ द्या. पण 'तू बचाववाला' असं लेबल लावू नका. ते काम सोळाव्या-सतराव्या वर्षी आपोआप समोर येतं, आणि तेव्हा मुलाने ते स्वतः उचललं तर सोनं होतं.

असा करंडक मिळाला तर एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये फायदा होतो का?

कुठल्याही करंडकाने ड्राफ्टची हमी मिळत नाही. पण संघ ही कला नक्की शोधतात, कारण मोठ्या लीगमध्ये जाणारा जवळपास प्रत्येक पोरगा आपापल्या गावचा गोलांचा बादशहा असतो, आणि पहिल्या दोन तिकड्यांत सहाच जागा असतात. उरलेल्यांनी दुसरं काहीतरी आणावं लागतं.

फिलिप दानोचं उदाहरण घ्या. व्हिक्टोरियाव्हिल आणि मग मंक्टनकडून क्यूबेकची लीग खेळला, २०११ मध्ये शिकागोने २६ व्या क्रमांकावर निवडला. नाव झालं ते माँट्रिअलमध्ये. २०२१ च्या प्ले-ऑफमध्ये टोराँटोविरुद्ध सात सामन्यांत त्याच्या तिकडीसमोर ऑस्टन मॅथ्यूजला एकच गोल करता आला, मिच मार्नरला एकही नाही. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसने त्याच्याशी सहा वर्षांचा, ३ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. अडवण्याच्या कामाला बाजारात किंमत आहे ती अशी.

अँथनी सिरेलीची वाट आणखी खडतर. ओंटारिओ लीगच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं, ओशावाच्या संघात तो चाचणी देऊन शिरला. २०१५ च्या मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात ओशावाचे दोन्ही गोल त्याचे, विजयी गोल जादा वेळेत. टँपा बेने त्याच वर्षी निवडला, आणि २०२५ मध्ये तो सेल्कीच्या अंतिम तिघांत होता.

अमेरिकी विद्यापीठांचा मार्गही आता खुला आहे. ऑगस्ट २०२५ पासून कॅनेडियन ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्यांना तिथल्या विद्यापीठ स्पर्धांत खेळता येतं, पूर्वी येत नसे. आणि न्यू इंग्लंडमधल्या हॉकी ईस्ट या विद्यापीठ गटात सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डचा पुरस्कार आहेच. ज्या घरांत शिक्षण पहिलं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

फटके अंगावर घेणं धोक्याचं नाही का?

आहे. पक टणक रबराचा असतो आणि गोठवलेला. नडगी, घोटा, बोटं, हाताचं हाड, सगळ्यांना धोका. गळ्याचं संरक्षक कवच तिन्ही मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये सक्तीचं आहे. लहान मुलांना फटक्यासमोर झोपायला शिकवू नये, हे माझं ठाम मत. आधी वाटेत उभं राहायला आणि स्टिकने दिशा वळवायला शिकवावं. ओठ चावून दुखणं लपवणाऱ्या मुलाचं कौतुकही करू नये. सामन्यानंतर बूट स्वतःच्या हाताने काढून पाय बघा.

आजी-आजोबांना हे मराठीत समजवायचं कसं?

मला उत्तर अचानक सापडलं. आईला मी म्हटलं, "एकनाथ सोलकर आठवतो?" तिचा चेहरा उजळला. हिंदू जिमखान्याच्या माळीबुवांचा मुलगा, हेल्मेट न घालता फलंदाजाच्या पुढ्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहणारा. २७ कसोटींत ५३ झेल. १९७१ च्या ओव्हल कसोटीत ॲलन नॉटचा पुढे झेपावून घेतलेला तो झेल तिने नंतर फोटोत पाहिला, पण गल्लीत सगळ्यांनी तो रेडिओवरच 'पाहिला' होता, असं ती सांगते. विकेट फिरकी गोलंदाजाच्या नावावर लागते, पण बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट यांच्या चेंडूवर फलंदाजाच्या मनात जी भीती असायची, तिच्यातला एक मोठा वाटा सोलकरचा होता. "तुझा नातू ते काम करतो, आई," म्हटलं. ती म्हणाली, "मग हेल्मेट घालतो ना?" घालतो.

आम्ही पहिल्यांदाच ज्युनिअर सामना बघायला जाणार आहोत. कुठे बसावं, काय बघावं?

काचेला लागून बसू नका, पोरं जवळून दिसतात पण आकृती कळत नाही. कोपऱ्यात, थोडं वर बसा. तिकिटं एनएचएलच्या मानाने स्वस्त असतात, तेव्हा चांगली जागा घ्या.

पहिल्या पीरियडमध्ये यजमानांचा असा एक सेंटर शोधा जो आपल्याच गोलजवळच्या फेस-ऑफला वारंवार येतो. यजमान प्रशिक्षकाला खेळाडू शेवटी बदलण्याची मुभा असते, म्हणून घरच्या मैदानावर ही जुळवाजुळव स्वच्छ दिसते: समोरची पहिली तिकडी उतरली की हा उडी मारून बर्फावर. एकदा सापडला की त्याचा नंबर लक्षात ठेवा आणि एक पूर्ण पाळी पकाकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. पक नसताना तो कुठे आहे, डोकं किती वेळा मागे वळवतो, त्याची स्टिक हवेत आहे की बर्फावर.

दुसऱ्या पीरियडला जास्त लक्ष द्या. बाजू बदललेल्या असतात पण बाकं जागच्या जागी, त्यामुळे आपल्या गोलपासून आपलं बाक लांब पडतं. दमलेल्या खेळाडूंना बदली करायला बाकापर्यंत पोचता येत नाही. त्यातून त्यांच्याकडून आइसिंग झालं, म्हणजे मध्यरेषेच्या आतून पक पार पलीकडच्या गोलरेषेपलीकडे गेला, तर नियमाने त्यांना बदलीच करता येत नाही आणि त्याच थकलेल्या पाचांना पुन्हा आपल्या गोलजवळ फेस-ऑफ घ्यावा लागतो. अशा वेळी त्या सेंटरचे खांदे बघा. वर-खाली होत असतात, तोंडातून वाफ येत असते. तो गुडघ्यांवर हात टेकवून एक श्वास घेतो आणि मग वर्तुळात शिरतो.

आणि अंगावर गरम कपडे घाला. आत खूप थंडी असते, आम्ही थर्मासमध्ये चहा नेतो.